गोळी भिंतीतून आरपार जाते तेव्हा

खेळाडू उडी मारतो आणि फळीवर उतरायचं सोडून फळीतून सरळ खाली जातो. गोळी शत्रूच्या छातीतून निघून जाते आणि शत्रूला त्याचा पत्ताही नसतो. सपाट जमिनीवर पळणारं पात्र मध्येच अडखळतं, पायात तर काहीच आलेलं नसतं. गेम बनवणाऱ्या प्रत्येकाने यातलं काही ना काही पाहिलेलं असतं आणि बहुतेकांचा पहिला उपायही ठरलेला असतो: भिंत जाड करा, वेग थोडा कमी करा, कोलायडर (टक्कर ओळखण्यासाठी वस्तूला जोडलेला अदृश्य आकार) जरा मोठा करा. त्याने कधीकधी काम भागतंही. मग दोन दिवसांनी तोच बग दुसऱ्या लेव्हलमध्ये डोकं वर काढतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय होणार?

गेम चालवणाऱ्या इंजिनाच्या जागी बसून पाहिलं तर ही भानगड बरीच सुटसुटीत दिसते. त्याला भिंत, गोळी, जमीन यांतलं काही कळत नाही. त्याच्याकडे असतात नुसते आकार: गोल, चौकोन, दोन्ही टोकांना गोलसर असलेली कॅप्सूल, फार तर त्रिकोणांची जाळी. ठरावीक वेळाने ते एकच प्रश्न विचारतं: आत्ता, या क्षणी, हे दोन आकार एकमेकांत घुसलेत का? उत्तर ‘हो’ आलं तर ते दोघांना वेगळं करतं आणि तुमच्या कोडला निरोप धाडतं. एवढंच. त्यामुळे टक्कर चुकली की माग काढायचा तो या प्रश्नाचा. तो भलत्याच आकारांबद्दल विचारला गेला का? विचारलाच गेला नाही का? चुकीच्या वेळी विचारला गेला का? की उत्तर बरोबर आलं आणि पुढे त्याची माती झाली?

कोडला हात लावण्याआधी आकार डोळ्यांनी बघा. गोडो या इंजिनात डीबग मेनूत ‘व्हिजिबल कोलिजन शेप्स’ आहे, अनरीअलच्या कन्सोलवर ‘शो कोलिजन’ टाइप करता येतं, युनिटीत फिजिक्स डीबगर आहे. इंजिन स्वतः लिहीत असाल तर प्रत्येक आकाराची बाह्यरेषा काढणाऱ्या वीसएक ओळी पहिल्याच दिवशी लिहून टाका. चित्र आणि कोलायडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला माहीत असतं, पण पडद्यावर फक्त चित्र दिसतं, म्हणून मन दोघांना एकच धरतं. रेषा दिसू लागल्या की चौकोन अर्ध्या रुंदीने सरकलेला सापडतो, कारण चित्र वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजलंय आणि कोलायडर मध्यबिंदूपासून. किंवा पात्राने डावीकडे तोंड फिरवलं, चित्र उलटलं, पण तलवारीचा चौकोन उजवीकडेच राहिला. किंवा कोणीतरी वस्तू फक्त आडवी ताणली आणि गोल कोलायडरला लंबगोल होणं जमलं नाही.

याच वर्गातला एक बग मात्र नवख्याला पार चक्रावून टाकतो. दाराची कमान असलेलं मॉडेल आहे, मधून वाट मोकळी दिसते, तरी पात्र हवेवर आपटतं. कारण जुनं आहे. १९८८ साली गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती या तिघांनी दोन आकारांमधलं अंतर काढायची एक पद्धत मांडली. तिघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ती ‘जीजेके’ म्हणून ओळखली जाते आणि आजही अनेक इंजिनांच्या पोटात चालते. ती वेगवान आहे, पण तिची एक अट आहे: आकार बहिर्वक्र हवा, म्हणजे त्याला कुठे खाच नको, पोकळी नको. म्हणूनच फिजिक्सने हलणाऱ्या वस्तूला त्रिकोणांच्या जाळीचा कोलायडर द्यायचा झाला तर युनिटी ‘कॉन्व्हेक्स’वर खूण करायला लावतं. ती खूण केली की इंजिन मॉडेलभोवती ताणून कापड गुंडाळल्यासारखा आकार तयार करतं आणि दाराची वाट त्या कापडाखाली बुजते. उपाय म्हणजे कमान तीन खोक्यांची बनवा: दोन खांब आणि वरची तुळई. दिसायला ओबडधोबड, पण खेळणाऱ्याला ती खोकी दिसणार आहेत थोडीच?

आता न विचारलेल्या प्रश्नाकडे. एका दृश्यात १,००० वस्तू असतील तर त्यांच्या ४,९९,५०० जोड्या होतात. प्रत्येक जोडीची बारकाईने तपासणी दर वेळी करणं कुठल्याच इंजिनाला परवडत नाही. म्हणून आधी ढोबळ चाळणी लागते. प्रत्येक वस्तूभोवती सरळ उभा-आडवा खोका कल्पायचा आणि ज्यांचे खोकेच एकमेकांना शिवत नाहीत त्या जोड्या बाद करायच्या. त्याशिवाय तुम्ही स्वतः लावलेली चाळणी वेगळीच, म्हणजे लेयर: वस्तूंचे तुम्ही पाडलेले गट.

गोडोमध्ये लेयर आणि मास्क यांचा घोळ जवळपास प्रत्येकाचा होतो. लेयर म्हणजे ‘मी कुठे राहतो’, मास्क म्हणजे ‘मी कोणाकोणाला शोधतो’. शत्रू कुठल्याही लेयरवर असो, गोळीच्या मास्कमध्ये तो लेयर नसेल तर गोळीच्या लेखी शत्रू अस्तित्वातच नाही. युनिटीत ३२ लेयरांचा एक तक्ता असतो आणि त्यातली एक खूण निघाली तरी त्या दोन लेयरांमधली प्रत्येक टक्कर बंद होते. अनरीअलमध्ये दोन्ही बाजूंचं मत घेतात आणि त्यातलं मवाळ मत चालतं: एकाने ‘ब्लॉक’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘ओव्हरलॅप’, तर ओव्हरलॅपच होतो, आणि कोणीही ‘इग्नोर’ म्हटलं तर विषय संपला.

युनिटीत आणखी एक मेख आहे. दोघांपैकी एकाकडे तरी रिजिडबॉडी, म्हणजे वस्तूला फिजिक्सच्या ताब्यात देणारा घटक, हवी. नुसते दोन कोलायडर एकमेकांवर नेऊन ठेवले तर कोणीच कोणाला काही कळवत नाही. आणि फंक्शनच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर एररही येत नाही, ते फंक्शन कधी बोलावलंच जात नाही. मी एकदा अख्खा रविवार यात घालवला आहे. गेम टूडी होता आणि मी ‘ऑनकोलिजनएंटर’ लिहिलं होतं. शेवटी ‘टूडी’ जोडायचं राहिलं होतं. लेयर तपासले, कोलायडर बदलले, प्रोजेक्ट नव्याने बनवला. पहिल्याच ओळीत साधा प्रिंट टाकला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता, पण ‘हे फंक्शन चालतंच आहे’ हे मी गृहीत धरलं होतं.

चाळणी स्वतः लिहिली असेल तर संशयाची सुई आधी तिच्यावरच ठेवा. जग चौकटींमध्ये वाटून घेतलं, वस्तू हलली, पण तिचं नाव जुन्याच चौकटीत राहिलं. किंवा वस्तू चौकटीपेक्षा मोठी होती आणि तिची नोंद एकाच चौकटीत झाली. याची परीक्षा सोपी आहे: चाळणी पूर्ण बंद करा आणि सगळ्या जोड्या तपासा. गेम रांगायला लागेल, लागू दे. बग गेला, तर चोर चाळणीतच होता.

आता चुकीच्या वेळेकडे, म्हणजे शीर्षकातल्या गोळीकडे. तुम्ही काही बदललं नाही तर युनिटीचं फिजिक्स दर ०.०२ सेकंदाला एक पाऊल टाकतं, म्हणजे सेकंदाला ५०. गोळीचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरला तर एका पावलात ती ६ मीटर जाते. म्हणजे जातही नाही, या जागेवरून नाहीशी होऊन ६ मीटर पुढे उगवते. भिंत २० सेंटिमीटर जाडीची आहे. या पावलाला गोळी भिंतीच्या अलीकडे, पुढच्या पावलाला पलीकडे. इंजिनाने दोन्ही वेळा इमानेइतबारे प्रश्न विचारला आणि दोन्ही वेळा उत्तर ‘नाही’ आलं. उत्तर खरंच होतं.

गोळीचं पाऊल नेमकं भिंतीच्या आत पडण्याची शक्यता २० भागिले ६००, म्हणजे साधारण तीसात एक. ‘कधीकधी लागते, कधीकधी नाही’ हे जे लक्षण आहे ना, ते इथून येतं. त्यात गूढ काही नाही. एखादी टक्कर अधूनमधून हुकत असेल तर लगेच हा भागाकार करून बघा: एका पावलातलं अंतर समोरच्या वस्तूच्या जाडीपेक्षा मोठं आहे का? मोठं असेल तर पुढे डोकं खाजवायची गरज नाही.

पावलं लहान करणं हा उपाय मनात येतो, पण या गोळीसाठी सेकंदाला १,५०० पावलं टाकावी लागतील आणि तीही दृश्यातल्या प्रत्येक वस्तूसाठी. त्यापेक्षा प्रश्न बदला. ‘गोळी आत्ता भिंतीत आहे का’ याऐवजी ‘मागच्या जागेपासून आताच्या जागेपर्यंत ओढलेली रेषा भिंतीला कुठे छेदते का’ असं विचारा. गोळीसाठी एक रेकास्ट, म्हणजे अशी एक रेषा टाकून पाहणं, पुरतं. चेंडूसारखी जाड वस्तू असेल तर भिंत सगळ्या बाजूंनी चेंडूच्या त्रिज्येइतकी फुगवा आणि चेंडूला बिंदू समजून तीच रेषा ओढा. गणित तेच राहतं.

इंजिनांमध्ये ‘कंटिन्युअस’ नावाचा जो पर्याय असतो तो याच कल्पनेवर उभा आहे. फक्त तो सरसकट सगळ्यांना लावू नका, महाग पडतो. बॉक्सटूडी या टूडी फिजिक्सच्या लायब्ररीने यात छान तडजोड केली आहे: हलती वस्तू स्थिर भिंतीतून जाऊ नये याची काळजी ते आपणहून घेतं, आणि दोन हलत्या वस्तूंमध्ये ही काळजी हवी असेल तर त्या वस्तूवर ‘बुलेट’ अशी खूण करावी लागते. युनिटीत निवड तुमच्यावर सोडलेली असते आणि ‘डिस्क्रीट’, म्हणजे फक्त त्या त्या क्षणाची तपासणी, आधीच निवडलेलं असतं. आणखी एक गोम: सरळ रेषेत पुढे नेऊन पाहणारी पद्धत वस्तूचं स्वतःभोवती फिरणं लक्षात घेत नाही. जोरात फिरणारी लांब काठी चेंडूतून आरपार जाते ती म्हणून. तिथे युनिटीचा ‘स्पेक्युलेटिव्ह’ प्रकार कामी येतो. तो पुढे काय होऊ शकेल याचा अंदाज बांधतो, आणि अंदाज म्हटला की चुकणं आलंच: कधीकधी न झालेली टक्करही तो झाल्यासारखी वागवतो.

‘माझ्या मशीनवर तर नीट चालतं’ हाही वेळेचाच बग असतो. पात्र सेकंदाला १० मीटर पळतंय आणि तुम्ही दर फ्रेमला त्याची जागा बदलताय. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर ते एका वेळी १७ सेंटिमीटर सरकतं. दुसऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर २० फ्रेम मिळतात, तिथे एका वेळी अर्धा मीटर. तुमच्याकडे अडवणारी भिंत त्याच्याकडे चाळणी होते. म्हणून फिजिक्सची पावलं चित्राच्या फ्रेमपासून वेगळी, ठरावीक लांबीची ठेवतात. साठलेल्या वेळातून एकेक पाऊल काढून घ्यायचं, उरलेला वेळ पुढच्या फ्रेमला. त्यात एक कमाल मर्यादा मात्र घाला. खिडकी माउसने ओढताना गेम दोन सेकंद थांबला तर एकदम १०० पावलांची थकबाकी उभी राहते, ती फेडताना आणखी वेळ जातो, थकबाकी आणखी वाढते आणि गेम त्या भोवऱ्यातून बाहेरच येत नाही.

वस्तूची जागा थेट लिहिणं हेही इथेच येतं. ट्रान्सफॉर्मची पोझिशन बदलली की इंजिनाच्या दृष्टीने वस्तू चालत गेलेली नसते, उचलून ठेवलेली असते. मधल्या वाटेत भिंत होती की नव्हती हे कोणी पाहतच नाही. वेग द्या, हलवायचं काम इंजिनावर सोडा. गोडोवाल्यांसाठी जाता जाता: ‘मूव्ह अँड स्लाइड’ या फंक्शनला वेग डेल्टाने (मागच्या पावलापासून गेलेल्या वेळाने) गुणून देऊ नका, ते काम ते स्वतः करतं. ‘मूव्ह अँड कोलाइड’ला मात्र गुणून द्यावं लागतं. हे दोघे शेजारी शेजारी असूनही असे का वागतात, यावर मी वाद घालणं सोडून दिलं आहे.

आणि मग असा दिवस येतो की टक्कर बरोबर सापडते, तरी गेम विचित्र वागतो. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, कारण आपण शोधत असतो टक्कर ‘का सापडत नाही’ आणि ती तर सापडलेली असते.

सपाट जमिनीवर अडखळणारं पात्र घ्या. जमीन एकेका चौकोनी टाइलची बनली आहे. डोळ्यांना ती अखंड पट्टी, इंजिनाला मात्र रांगेत उभे असलेले स्वतंत्र खोके. गुरुत्वाकर्षणाने पात्र या पावलाला जमिनीत अर्धा पिक्सेल रुतलंय. त्याच पावलात ते पुढच्या टाइलच्या हद्दीत ०.३ पिक्सेल शिरलंय. आता इंजिन पुढच्या टाइलपुरता विचार करतं: वर ढकलायचं तर ०.५, मागे ढकलायचं तर ०.३. सगळ्यात कमी ढकलून सुटका करायची हा त्याचा नियम, म्हणून ते मागे ढकलतं. त्या टाइलची बाजू त्याला भिंत वाटली. ती बाजू शेजारच्या टाइलने झाकलेली आहे, तिथे कोणी आपटूच शकत नाही, हे त्याला कोण सांगणार?

आपण सांगायचं. सगळ्या टाइल एकत्र करून एकच बाह्यरेषा द्यायची. युनिटीत त्यासाठी कॉम्पोझिट कोलायडर आहे, बॉक्सटूडीत साखळीसारखा जोडलेला चेन आकार आहे आणि त्यात प्रत्येक कडेला आपल्या शेजाऱ्याची माहिती असते. पात्राला चौकोनाऐवजी कॅप्सूल दिली तरी त्रास बराच कमी होतो, गोल तळ कडेवरून घसरून जातो. साधा टाइलवाला गेम स्वतः लिहीत असाल तर याहून जुनी युक्ती वापरा: आधी फक्त आडवं हलवा, टक्कर सोडवा, मग फक्त उभं हलवा, पुन्हा सोडवा. पात्र पावलाच्या सुरुवातीला कशात रुतलेलं नसेल तर आडव्या हालचालीत जमीन मध्ये येतच नाही. फिजिक्सच्या पुस्तकाला हे पटणार नाही, पण उड्या मारणाऱ्या गेमसाठी याहून भरवशाचं मी तरी पाहिलेलं नाही.

जमिनीवर उभं असलेलं पात्र थरथरतं किंवा उडीचं बटण कधीकधी लागतच नाही, हा त्याचा चुलतभाऊ. पात्राला वर ढकलून बरोबर कडेला टेकवलं. आता ते जमिनीला ‘लागलेलं’ आहे की नाही? दशांश आकड्यांच्या शेवटच्या स्थानावर ते ठरतं. एका फ्रेमला हो, पुढच्या फ्रेमला नाही. म्हणून इंजिन आकारांभोवती एक पातळ साल ठेवतं, युनिटीत ती ०.०१ एककाची असते. आणि जग फार मोठं असेल तर ही सालही अपुरी पडते. ३२ बिटांच्या आकड्यात मूळबिंदूपासून १ लाख एककांवर दोन लगतच्या जागांमधलं अंतरच सुमारे ०.००८ होतं. म्हणजे साल जेवढी पातळ, जवळजवळ तेवढीच मोजपट्टी जाड. बग फक्त लेव्हलच्या टोकाला दिसत असेल तर तीच लेव्हल मूळबिंदूजवळ आणून चालवून बघा.

एककांचं म्हणाल तर बॉक्सटूडी मीटर धरून बेतलेलं आहे आणि हलत्या वस्तू ०.१ ते १० मीटरच्या असाव्यात अशी त्याची अपेक्षा असते. ६४ पिक्सेलचं पात्र ६४ मीटरचं म्हणून दिलं तर ते उंच इमारत कोसळावी तसं संथ पडतं, आणि आपण उगीच गुरुत्वाकर्षण वाढवत बसतो.

निरोपांचीही एक गंमत आहे. ‘आत आला’ आणि ‘बाहेर गेला’ हे दोन निरोप जोडीने येतील असं आपण धरून चालतो आणि पायाखाली किती वस्तू आहेत याची मोजणी ठेवतो. पण पायाखालची फळीच नष्ट झाली तर युनिटीच्या थ्रीडी फिजिक्समध्ये ‘बाहेर गेला’ हा निरोप येत नाही. मोजणी एकवर अडकते आणि पात्र हवेत उभं राहून उड्या मारत सुटतं. शिळ्या टकरींचं हे दुखणं फार जुनं आहे. १९७७च्या अटारीच्या घरगुती यंत्रात टक्कर ओळखायचं काम चिपच करायची, त्यासाठी १५ बिट होते. एकदा लागलेला बिट आपणहून उतरत नसे, सगळे बिट पुसायचा वेगळा आदेश होता. तो द्यायला विसरलं की मागची टक्कर पुढच्या फ्रेमलाही झालेलीच दिसायची.

एवढं करूनही हाती काही लागलं नाही तर दोनच खोके असलेलं रिकामं दृश्य बनवा, पाऊल ठरावीक ठेवा, बटणं दाबण्याऐवजी ठरलेल्या हालचाली कोडमधूनच द्या आणि दर पावलाला लिहून काढा: हलण्याआधीची जागा, हलल्यानंतरची जागा, जोडी तपासली का, ढकललं किती. मग कागदावर बोट ठेवून एकेक ओळ वाचा. एका अशाच नोंदीत मला जागेच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘नॅन’ दिसलं होतं, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. दोन गोलांचे मध्यबिंदू बरोबर एकावर एक आले होते. ढकलायची दिशा काढताना त्यांच्यातल्या अंतराने, म्हणजे शून्याने, भागलं गेलं. नॅनची कुठल्याही आकड्याशी लहान-मोठेपणाची तुलना केली तरी उत्तर ‘नाही’च येतं. त्यामुळे त्या पावलापासून तो गोल ना भिंतीला लागला, ना जमिनीला, आणि एररची एक ओळही आली नाही. भागाकाराआधी अंतर शून्य आहे का ते पाहायचं आणि असेल तर कुठलीही एक दिशा, समजा वरची, धरून चालायचं, एवढी एक ओळ तिथे कमी होती.